ड्रम परत आला

पुंजारामची जीप नाशकातल्या गंजमाळच्या कोपऱ्यावर वळली आणि दुकानासमोर थांबताना पुढून थडथड हादरली, तेव्हाच झुंबर मिस्त्रीच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं लेथ बंद केला, हात चिंधीला पुसले आणि उंबऱ्यात येऊन उभा राहिला. पुंजारामही खाली उतरला. बोलायचं होतं काय? ड्रम परत आला होता.

जीपच्या चाकात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक गोल डबा असतो, तो ड्रम. ब्रेक दाबला की शू, म्हणजे ब्रेकच्या वाकड्या पट्ट्या, आतून त्याला जाऊन भिडतात आणि चाक थांबतं. घासून घासून ड्रमला आतून चरे पडतात, त्याचा गोल बिघडतो; मग तो लेथवर चढवायचा आणि आतून एक पातळ पापुद्रा कापून पुन्हा गुळगुळीत करायचा. झुंबर हे काम देवळाली कॅम्पात लष्कराच्या गाड्यांवर शिकला होता, आणि ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या त्या दिवसांत त्र्यंबक नाक्यावरचे जीपवाले डोळे मिटून त्याच्याकडं ड्रम टाकायचे. झुंबरनं कापलेला ड्रम परत येत नाही, असं तो स्वतःच सांगायचा आणि ऐकणारे माना डोलवायचे. माणसानं स्वतःबद्दल असं काही बोलू नये म्हणतात, ते उगीच नाही.

पुंजाराम हरसूलचा. तिशीतला, अबोल, गाडी पोटच्या पोरासारखी जपणारा. नाशकातून त्र्यंबक आणि तिथून पुढं डोंगर उतरून हरसूल, अशा त्याच्या रोजच्या खेपा. गाडीत माणसं कोंबण्याला धरबंध नसायचा, पण तो धरबंध कुणाच्या गाडीत होता? सगळ्यांच्या गाड्या तोच उतार उतरायच्या, तेवढीच माणसं घेऊन. त्यांचे ड्रम वर्ष वर्ष टिकायचे आणि ह्याचे महिना-दीड महिन्यात वाकडे. ब्रेकवर पाय दिला की पेडल खालून लाथा मारायचं आणि स्टिअरिंग हातात नाचायचं.

झुंबरनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? शू बदलून पाहिले. चाकांचे बेअरिंग बदलले. स्प्रिंगा बदलल्या. मग, ज्या गोष्टीचा त्याला मनातल्या मनातही उच्चार नको होता, तीही करून झाली. एका रविवारी दुकानाचं दार ओढून घेऊन त्यानं स्वतःचा लेथ तपासला. पातळी लावली, ड्रम पकडणारा चक काढून पुसून पुन्हा बसवला, डायल लावून काटा बघत दिवसभर उकिडवा बसला. काटा हलायला तयार नाही. बायको कलाबाई डबा घेऊन आली ती म्हणाली, एवढी नजर माझ्यावर कधी ठेवली असती तर संसार सरळ चालला असता. झुंबरला हसू आलं नाही. लेथ सरळ होता, हात सरळ होता, आणि ड्रम मात्र वाकडा होऊन येत होता.

खरं तर ड्रमच त्याला काहीतरी सांगत होता. आतून त्याला काळेनिळे डाग पडलेले असायचे, आणि तेवढ्या जागी बीड अगदी दगड झालेलं. लेथचं टूल तिथं पोचलं की किंचाळून उडायचं. असे डाग झुंबरनं कॅम्पात पाहिले होते. लालबुंद तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की ते आक्रसतं, वाकडं होतं, जागोजागी कडक होतं. त्यानं पुंजारामला एकदा नाही, दहादा विचारलं होतं, की घाट उतरल्यावर गाडी नदीत घालतोस का, चाकांवर पाणी मारतोस का. पुंजाराम दर वेळी जमिनीकडं बघून एकच सांगायचा, की मी पाण्याचा थेंब मारला असेल तर देवी बघून घेईल. आता देवीची शपथ घेणाऱ्याला खोटं कसं पाडणार?

तोवर नाक्यावर व्हायचं ते झालं होतं. पुंजारामची थडथडती जीप सगळे रोज बघत होते. एक जण चहाच्या टपरीवर म्हणाला, मिस्त्रीचा हात आता चळायला लागलाय. दुसऱ्यानं झुंबरला तोंडावरच विचारलं, की लेथवर ड्रम चढवता का दुधी भोपळा? जुनी गिऱ्हाइकं एकेक करून नाशकातल्याच द्वारका चौकातल्या नव्या लेथवाल्याकडं सरकायला लागली. समोरून जाताना ड्रम पोत्यात गुंडाळून न्यायची, झुंबरला दिसू नये म्हणून. ते पोतं बघितलं की तो पाठ फिरवून लेथकडं वळायचा. पुंजारामनं त्याला कधी नावं ठेवली नव्हती, हे खरं. पण मिस्त्रीचं काम चोख आहे, असंही तो कुणाला म्हणाला नव्हता. लोक झुंबरला बोलायचे आणि हा शेजारी उभा राहून चहा प्यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

त्या दिवशी झुंबरनं ड्रम उतरवले, आतून मापले आणि बाहेरून हातोडीनं टकटक केली. आवाज पोकळ आला. कापून कापून ड्रम पातळ झाला होता. जेमतेम एक कट निघेल, त्यानंतर तो ड्रम घाटात तडकणार आणि आतल्या माणसांची माती होणार, हे सांगायला कुण्या ज्योतिषाची गरज नव्हती. त्यानं पुंजारामला समोर बसवून तसं स्पष्ट सांगितलं. हा शेवटचा. यानंतर आणलास तर घणानं फोडीन, पण कापणार नाही.

पुंजारामनं मान हलवली. नवे ड्रम घेण्याची ऐपत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. झुंबरनं श्वास रोखून तो शेवटचा कट घेतला. निळ्या डागांवर टूल किंचाळलं, त्यानं दातओठ खाल्ले, पुन्हा हळूहळू सरकवत नेलं. ड्रम चाकात बसवले, गाडी गंजमाळच्या रस्त्यानं एकदा फिरवून आणली. ब्रेक लोण्यासारखा लागला. पुंजारामचा चेहरा जरा उजळला, आणि तेवढ्यात झुंबर अंगातला मळका शर्ट बदलून पुढच्या सीटवर येऊन बसला.

"चल," तो म्हणाला. "आज मी येतो तुझ्या गावाला."

पुंजारामच्या तोंडचं पाणीच पळालं. गाडीत जागा नाही म्हणाला. परतीची एसटी मिळणार नाही म्हणाला. आईची तब्येत बरी नसते, घरी पाहुण्याची सोय नाही, असंही म्हणाला. हा माणूस वर्षभरात एवढं बोलला नव्हता. झुंबरनं सगळं ऐकून घेतलं आणि सीटवर आणखी पक्की मांडी ठोकली. काय असेल ते आज डोळ्यांनी बघायचं आणि उद्या नाक्यावर सगळ्यांसमोर ह्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. आपलं नाव परत पाहिजे होतं त्याला. दुसरं काही नको.

नाक्यावर गाडी भरली. त्र्यंबकला काही उतरले, त्याहून जास्त चढले. डोंगराचा उतार लागला तसा झुंबर पुंजारामच्या पायाकडं बघत राहिला. गडी उगीच ब्रेक दाबत नव्हता, खालचा गिअर टाकून गाडी आवरत होता. तरी एवढं ओझं आणि एवढी वळणं. खाली पोचेपर्यंत चाकांतून जळका वास यायला लागलाच. तो सगळ्यांच्याच गाड्यांना येतो. त्यात वावगं काही नव्हतं. झुंबरला उलट वाईट वाटायला लागलं, की पोरगा गाडी बरी चालवतो, मग खोट कुठं आहे? ती आपल्याच हातात निघाली तर?

हरसूलच्या बाजारात माणसं उतरली. पुंजारामनं गाडी चहाच्या दुकानासमोर उभी केली आणि मिस्त्री, इथंच बसू, चहा घेऊ, तोवर एसटी येईल, असं घोळवायला सुरुवात केली. झुंबर म्हणाला, गाडी जिथं मुक्कामाला थांबते तिथं मला ने, चहा तिथं घेऊ. पुंजारामनं गिअर टाकला.

घर गावाच्या कडेला होतं, कौलारू, सारवलेल्या ओट्याचं. दारात एक म्हातारी पाण्याची बादली घेऊन उभी. ती पुंजारामची आई, भागीबाई. गाडी थांबायचा अवकाश, ती डोक्यावरचा पदर सावरत पुढं झाली, तांब्या बुडवला आणि पुढच्या चाकावर गार पाणी ओतलं. फोडणी टाकल्यासारखा चर्र आवाज झाला आणि चाकातून वाफ निघाली. मग दुसऱ्या चाकावर. मग मागच्या दोन्ही. शेवटी भाकरीचा तुकडा गाडीवरून ओवाळून टाकला, बोनेटला हात लावून स्वतःच्या कपाळाला लावला आणि मगच लेकाकडं बघितलं.

वाटेनं आलेल्याच्या पायावर पाणी घालायचं, ही रीत झुंबरच्या घरीही होती. लांबून आलेल्या माणसाला, नव्या सुनेला, बाजाराहून परतलेल्या बैलांनासुद्धा. म्हातारीनं ती जीपला लावली होती. इतके महिने ज्याच्यासाठी आपण झोप घालवली, लेथ उघडा करून बसलो, लोकांची टिंगल ऐकली, ते हे होतं! एक तांब्या पाणी! झुंबरला आधी हसू फुटलं आणि मग असा संताप आला, की त्यानं पुंजारामचा दंड धरून त्याला गाडीच्या मागं ओढलं.

पुंजाराम हात जोडूनच उभा राहिला. मी पाणी मारत नाही म्हणालो ते खोटं नव्हतं, म्हणाला. झुंबरनं त्याला अशी एक शिवी हासडली, की ती इथं लिहिण्यासारखी नाही.

"मिस्त्री, नाक्यावर तुम्ही म्हणाल ते सांगतो," पुंजाराम घाईघाईनं कुजबुजला. "तुमच्या पाया पडून सांगतो सगळ्यांसमोर. पण आईला यातलं काही बोलू नका."

मग गाडी बाहेर निववून घरी आणायला काय झालं होतं, असं झुंबरनं विचारलं. जरा उशीर झाला की ती बादली घेऊन घाटाच्या वाटेनं चालत सुटते, असं पुंजाराम म्हणाला. तो पुढंही काही सांगणार होता, पण भागीबाई चहाला या म्हणून हाक मारत ओट्यावर आली.

झुंबरनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. एवढा घोडा झाला तरी आईला भितो. ह्याच्या भित्रेपणापायी आपलं नाव मातीत गेलं आणि उद्या ड्रम तडकून गाडीभर माणसं दरीत जातील. नाही, हे सांगायलाच पाहिजे. आणि नीट सांगायचं. म्हातारं माणूस आहे, आवाज चढवायचा नाही. आपण किती समजूतदारपणे वागतो आहोत, याचं त्याला मनातून थोडं कौतुकही वाटलं.

भागीबाईनं कपबशी पुढं ठेवली. हे गाडीचे मिस्त्री हे कळल्यावर तिला फार आनंद झाला. माझ्या लेकाची गाडी तुमच्या हातानं चालते, देव तुमचं भलं करो, म्हणाली. झुंबरनं दोन घोट घेतले आणि विचारलं, की मावशी, तुमच्याकडं बैल होते का.

होते की, ती म्हणाली. चांगली खोंडं होती.

"मग सांगा बरं. नांगर सोडल्या सोडल्या, बैल घामानं निथळत असताना, त्याच्या अंगावर गार पाणी ओतायच्या का तुम्ही?"

"नाय बा," भागीबाई म्हणाली. "आखडतो ना त्यो. आधी निवू द्यावा लागतो."

झुंबर म्हणाला, गाडीचं तसंच आहे. घाट उतरून आली की तिच्या चाकातलं बीड इस्तवासारखं तापलेलं असतं. त्यावर गार पाणी पडलं की ते आखडतं, वाकडं होतं. मग ब्रेक धरत नाही. पाणी जरूर घाला, पण गाडी निवल्यावर घाला. एवढंच.

म्हातारीला ते लगेच पटलं. नाक्यावरच्या दीडशहाण्यांना जे कितीदा सांगून कळलं नसतं, ते तिला बैलाच्या एका गोष्टीत कळलं. झुंबरला हलकं वाटलं. त्यानं पुंजारामकडं विजयानं बघितलं. पुंजाराम खांबाला टेकून, तोंड भिंतीकडं करून उभा होता.

भागीबाईची नजर ओट्यावरच्या रिकाम्या बादलीवर गेली. मग तिनं विचारलं, "त्ये बीड समद्याच गाड्यांच्या चाकात असतंय?"

सगळ्याच, झुंबर म्हणाला.

"खंडूच्या गाडीत बी व्हतं?"

खंडू कोण, असं झुंबर विचारणार, तोच तिनं स्वतःच सांगितलं. खंडेराव म्हणजे तिचा थोरला. त्याचीही जीप होती. तिलाही ती रोज असंच पाणी घालायची, एक दिवस चुकवला नाही. काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, घाट उतरताना गाडीचा ब्रेक लागला नाही. खंडूनं ओरडून माणसांना उड्या मारायला लावल्या आणि स्वतः गाडीबरोबर गेला. त्या दिवशी ती बादली भरून दारात बसून राहिली होती. ती हे सगळं सपाट आवाजात सांगत होती, रडत नव्हती. सांगता सांगता तिचे हात मांडीवर उलटे पडले आणि ती त्यांच्याकडं बघायला लागली.

पुंजाराम गप्प का राहिला, शपथा का घेतल्या, नाक्यावर लोक बोलत असताना चहा का पीत बसला, ते सगळं झुंबरला एका क्षणात कळलं, आणि कळून काहीच उपयोग नव्हता. बोललेलं परत गिळता येत नाही. ह्या बावळटानं गाडीत, वाटेत, दुकानात एका शब्दानं सांगितलं असतं तर! त्याला पुंजारामचा राग आला, स्वतःच्या शहाणपणाचा आला, त्या बैलाच्या दाखल्याचा तर सगळ्यांत जास्त आला.

"मंग मीच की," भागीबाई हळूच म्हणाली.

तिनं एवढंच म्हटलं, पण पुढचं सगळं तिच्या तोंडावर उमटायला लागलं होतं. थोडा वेळ गेला तर ते तिथं कायमचं बसणार होतं. झुंबरला नाक्यावरची टपरी आठवली. पोत्यात गुंडाळून नेलेले ड्रम आठवले. आपण आता जे बोलणार ते उद्या पहिल्या जीपबरोबर त्र्यंबक नाक्यावर पोचेल आणि त्यानंतर गंजमाळात आपल्याकडं काळं कुत्रंही ड्रम आणणार नाही, हेही त्याला लख्ख दिसलं. खंडेरावची गाडी त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

"नाही मावशी," तो म्हणाला. "त्या गाडीचं निराळं होतं. तिचे ड्रम मीच कापले होते. माझ्या हातून जास्त कापले गेले, पातळ झाले. मला ते कळलं होतं, तरी मी बसवून दिले. पाण्याचा तिथं काही संबंध नाही."

पुंजारामनं गर्रकन मान वळवली. झुंबरनं त्याच्याकडं असं बघितलं, की त्याचं तोंड उघडण्याआधीच मिटलं.

भागीबाईनं डोळे वर केले. तिनं झुंबरकडं बघितलं, त्याच्या तोंडाकडं, मग त्याच्या हातांकडं. उलटे पडलेले हात तिनं उचलले, पदरानं पुसले आणि एकमेकांत धरले.

"इतकी वर्सं मी देवीला शिव्या देत व्हते," ती म्हणाली. "आता तुला देत जाईन."

तिनं त्याच्यापुढची कपबशी उचलली. कपात अजून चहा होता. तो तिनं ओट्याखाली ओतला आणि कप विसळायला आत निघून गेली.